संध्याकाळची चारुलता

चारुलताला चांगलं लिहिता यायचं, आणि तेच तिला नडलं.

डॉक्टरांपुढे बोलायला बसलं की ते मध्येच तोडतात. दाराशी उभ्या कंपाउंडरला पुढचा पेशंट सोडायला सांगतात, आणि आपलं दुखणं अर्ध्यात राहतं. हे तिला आता पाठ झालं होतं. म्हणून या खेपेला तिने सगळं हिंदीत लिहून नेलं. बुरहानपूरच्या लालबाग भागातल्या एका शाळेत ती पाचवीला शिकवायची. मुद्द्याला धरून लिहायची सवय होती. तिने लिहिलं, दुपारनंतर खडू धरलेला हात फळ्यावरून आपोआप खाली येतो. जेवताना जबडा दमतो, हनुवटीला हात लावून घास चावावा लागतो. दिवस मावळला की डाव्या डोळ्याची पापणी पडते. आवाज नाकातून येतो. रात्री झोप झाली की सकाळी यातलं काहीही उरत नाही. आणि कागदाच्या शेवटी, राहवलं नाही म्हणून, एक ओळ लिहिली. ‘सुबह मैं अपनी होती हूँ, शाम को पता नहीं किसकी.’

डॉक्टरांनी कागद शेवटपर्यंत वाचला. चारुलताचा जीव भांड्यात पडला.

“कविता लिखती हो?”

“नहीं सर.”

“लिखा करो. अच्छा लिखती हो.” मग त्यांनी कागद तिच्या नवऱ्याच्या, गौरवच्या हातात दिला. “देखिए, जिसको सच में तकलीफ होती है ना, वो इतना सजाकर नहीं लिखता. मॅडम सोचती बहुत हैं. बच्चा हो जाएगा, सब ठीक हो जाएगा.”

सकाळची वेळ होती. चारुलताचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते. आवाज खणखणीत होता. तिला स्वतःलाच वाटलं, आपण खोटं तर बोलत नाही ना?

गौरव वाईट माणूस नव्हता. ठिबकच्या नळ्यांचं त्याचं दुकान होतं. केळीवाले शेतकरी दिवसभर त्याचं डोकं खायचे, तरी बायकोसाठी दुकान बंद करून तो डॉक्टरकडे यायचा. रक्त तपासून झालं, डोक्याचा फोटो झाला, ताकदीची इंजेक्शनं झाली. दर वेळी रिपोर्ट चांगला निघायचा, आणि दर चांगल्या रिपोर्टागणिक गौरवचा तिच्यावरचा भरवसा थोडा कमी व्हायचा.

घरी आल्यावर सासूने, सुमनबाईंनी विचारलं, “काय म्हनले?”

“काही नाही निघालं,” गौरव म्हणाला.

“मंग बरंच झालं की. चल वं, कणीक भिजवून ठेवली आहे.”

चारुलताने पोळ्या लाटल्या. शेवटच्या पोळ्यांना लाटणं हातातून सुटून ओट्याखाली गेलं. सुमनबाईंनी ते उचललं नाही.

“सकाळी घोडी, संध्याकाळी मुडदा. आमच्या वक्ती दुखणं असं घड्याळ पाहून नव्हतं येत माय.”

हे सगळं ती एकाच माणसाला सांगायची. गायत्रीला. दोघी कॉलेजात एका बाकावर बसून साहित्य शिकल्या होत्या. गायत्री आता नेपानगरला असायची. संध्याकाळी चारुलताची जीभ जड व्हायची, फोनवर बोललेलं समोरच्याला कळायचं नाही, म्हणून ती लिहून पाठवायची. एकदा तिने लिहिलं, ‘आज वर्गात एका मुलाने विनोद केला. सगळे हसले, मीही हसले. तर पहिल्या बाकावरची मुलगी रडायला लागली. म्हणाली, मॅडम रागावल्या. गायत्री, माझं हसू आता माझ्या चेहऱ्यावर बसत नाही.’

गायत्रीने कळवलं, ‘हे सगळं लिहून ठेव.’

‘लिहून काय करू? लिहिलं म्हणूनच तर मानलं नाही.’

श्रावण लागला. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसायची होती. हे घर मूळचं खानदेशातलं. कानबाई म्हणजे नारळ. त्याला नाक-डोळे लावायचे, नथ घालायची, साडी नेसवायची, केळीच्या खांबांमध्ये चौरंगावर बसवायचं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू मोजायचे, त्याच पिठाचे रोट करायचे. रविवारी सारी भावकी जमायची, आणि सोमवारी सकाळी बाया आईला, म्हणजे कानबाईला, वाजतगाजत तापीवर विसर्जनाला न्यायच्या. अशा वेळी कुणाच्या तरी अंगात आई यायची. सुमनबाईंच्या सासूच्या यायची. ती गेली, तेव्हापासून या घरात आई आली नव्हती. चारुलताची चुलत जाऊ वैजयंती ही गोष्ट दर साली हसत हसत आठवून द्यायची. “काकू, तुमच्याकडे आई येते, जेवते, उठून जाते. बोलत काही नाही.”

सुमनबाईंना ते लागायचं. पण करणार काय? देवीला काही ओढून आणता येत नाही.

त्या रविवारी चारुलता पहाटेपासून उभी होती. दळण झालं, पुरण झालं, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी झाली, रोट भाजून झाले. दुपारी तिने सासूला म्हटलं, “आई, मी घडीभर पडते.”

“आज? आज आई घरात येऊन राहिली आणि तू पडते?”

ती पडली नाही.

दिवेलागणीला आरती सुरू झाली. खोली बायांनी भरली होती. धूप कोंडला होता, डफ वाजत होता. ताट चारुलताच्या हातात होतं. आधी डावी पापणी पडली, मग उजवी. ताट कुणीतरी झेललं. तिची मान पुढे कलंडली ती तिला परत वर घेता येईना. जबडा लोंबला. लाळ गिळता येईना, ती हनुवटीवरून वाहू लागली. श्वास आत ओढायला गेली तर छाती हलेना. सगळी ताकद खांद्यात आली आणि खांदे घुमायला लागले. नाकातून एक आवाज निघाला. तो तिचा नव्हता.

“अगं बाई, आली!” वैजयंती ओरडली. “काकू, आई आली!”

डफ जोरात वाजू लागला.

चारुलताला सगळं ऐकू येत होतं. ती शुद्धीवर होती. कुणीतरी तिचे केस मोकळे सोडले. कपाळभर कुंकवाचा मळवट भरला. आणि मग तिच्या पायांवर एक डोकं टेकलं. सुमनबाईंचं. त्या रडत होत्या. “किती साल वाट पाहायला लावली वं माय.”

पापण्यांच्या फटीतून तिला गौरव दिसला. तो भिंतीला टेकून उभा होता. आज पहिल्यांदा, आजार पुरता अंगावर असताना, घरातलं प्रत्येक माणूस तिच्याकडे टक लावून पाहत होतं. आणि हात जोडून उभं होतं.

तिने गौरवच्या दिशेने हात उचलला. तो अर्धाच उठला. बायांनी एकेक करून त्या हाताखाली डोकं घातलं.

सुमनबाईंनी दुधात भिजवलेला रोटाचा तुकडा तिच्या तोंडात सारला. तो घशाशी बसला. गिळताही येईना, थुंकताही येईना. ‘मी मरते आहे’ हे वाक्य तिच्या मनात नीट, पूर्णविरामासकट तयार होतं. ते बाहेर काढायला हवा नव्हती.

ती खाली कोसळली.

“आई गेली अंगातून,” कुणीतरी म्हणालं. बाया बाजूला सरल्या. सुमनबाई पाण्याचा पेला घेऊन बसल्या. रीतच तशी. देवी अंगातून गेली की बाई डोळे उघडते आणि आधी पाणी मागते. सगळ्या वाट पाहत राहिल्या. डफ थांबला. चारुलताने पाणी मागितलं नाही.

अंगणात बसलेले सासरे, प्रभाकरराव, शांतता ऐकून आत आले. ते घरात फारसे बोलत नसत. त्यांनी तिचा हात उचलून नखं पाहिली.

“निळी पडली ही,” ते म्हणाले. “गौरव, गाडी काढ. काढ म्हणतो ना!”

बुरहानपूरच्या दवाखान्यात तिच्या घशातला तुकडा काढला, नळी घातली आणि त्याच नळीसकट तिला इंदूरला पाठवलं. तिथे ती श्वासाच्या मशीनवर होती. शुद्ध आली तेव्हा खाटेशी एक तरुण डॉक्टर बाई उभी होती. तिने विचारलं, “ये सब शाम को बढ़ता था क्या?”

चारुलताच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने खुणेने कागद मागितला आणि वेडंवाकडं लिहिलं, ‘हर शाम.’

“किसी को बताया नहीं?”

चारुलताने पेन धरलं. मग ठेवून दिलं.

आजाराचं नाव निघालं, मायस्थेनिया. डॉक्टर बाईने गौरवला समोर बसवून समजावलं. नस हुकूम देते, पण तो स्नायूपर्यंत पोचत नाही. वापरलं की दमतं, विश्रांती दिली की परत येतं. औषध कायमचं. गोळ्या वेळेवर. चुकल्या तर परत तेच, आणि पुढच्या वेळी गाठता येईलच असं नाही. गौरवने मान खाली घालून ऐकलं. बाहेर आल्यावर तो चारुलताच्या खाटेशी येऊन बसला. “मला कळलंच नाही,” म्हणाला. तिला वाटलं, संपलं आता. आता कुणाला काही पटवून द्यायला नको.

ती घरी आली तेव्हा दारात रांगोळी होती. वैजयंतीने पायांवर पाणी घातलं आणि वाकून नमस्कार केला.

“ताई, हे काय?”

“राहू द्या. माझं तोंड फार चालतं, पोटात घाला.”

त्या संध्याकाळी गौरवने आईला समजावलं. नसांचा आजार आहे, देवी-बिवी काही नव्हतं. सुमनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“असंल आजार. मी कुठं नाही म्हनते? पन दोन साल तुमच्या डॉक्टरांना घावला नाही, तो आईच्या आरतीतच कसा उघडा पडला? इंदूरला कोनं धाडलं हिला? तिनंच ना?” मग चारुलताकडे वळून म्हणाल्या, “आन् तूच तर लिहिलं होतं वं. संध्याकाळी मी माझी नसते म्हनून. गौरवनं वाचून दाखवलं होतं मला.”



मंगळवारी आणि शुक्रवारी बाया यायला लागल्या. आधी गल्लीतल्या, मग शहरातल्या, मग खेड्यांतल्या. यायच्या त्या दिवस कलल्यावरच. तिचा डोळा पडायचा ती वेळ आता सगळ्यांना माहीत झाली होती. शाळेने तिच्या जागी दुसरी बाई घेतली. हेडमास्तर फोनवर हसत म्हणाले, “अब देवीजी से पहाड़े थोड़ी पढ़वाएँगे?”

घरात मात्र तिला कुणी काम सांगेना. पोळ्या सुमनबाई लाटायच्या. दुपारी ती झोपली की बाकीचे पाय न वाजवता चालायचे. दोन वर्षं जी विश्रांती तिने भीक मागितल्यासारखी मागितली होती, ती आता पानात वाढून मिळत होती. फक्त ती तिला मिळत नव्हती, तिच्यातल्या देवीला मिळत होती. तिने गायत्रीला लिहिलं, ‘आजारी होते तेव्हा नाटकी ठरले. आता नाटक चाललंय, तर सगळे खरं मानतात.’

गोळीने अर्ध्या-पाऊण तासात पापणी वर जायची, आवाज सुधारायचा. आलेल्या बाया हिरमुसायच्या. ‘आज आई नाही वाटतं,’ म्हणायच्या. एक दिवस सुमनबाईंनी गोळ्यांची पाकिटं उचलून देव्हाऱ्यात ठेवली. आईच्या पायाशी असली की गुण येतो, म्हणाल्या. देव्हाऱ्याला हात लावायचा तर आंघोळ पाहिजे, सोवळं पाहिजे. म्हणून गोळी त्याच द्यायच्या. सकाळची वेळेवर यायची. संध्याकाळची मागे सरकत गेली.

“आई, गोळी.”

“देते ना. त्या बिचाऱ्या शहापूरहून आल्या आहेत. घडीभरानं काय होते?”

चारुलताने गौरवला सांगितलं. तो चिडला, आईशी बोलला. दोन-तीन दिवस गोळी वेळेवर आली. मग त्याच्या दुकानात गर्दी वाढली. ज्या बाया दर्शनाला यायच्या त्यांचे नवरे येता-जाता नळ्या घ्यायचे, आणि काउंटरवर हात जोडून म्हणायचे, “भाऊ, घरात लक्ष्मी आहे तुमच्या.” गौरवचं बोलणं हळूहळू मवाळ झालं.

“लोक मान रहे हैं, तर तुझं काय बिघडतं? आराम मिळतो ना?”

“गोळी मिळत नाही, गौरव.”

“मिळते. जरा मागेपुढे.”

पुन्हा तोच श्वास, तीच भरलेली खोली, असं तिला रोज दिसू लागलं. शेवटी तिने परत कागद घेतला. या वेळी मराठीत लिहिलं. ‘मी चारुलता. माझ्या अंगात कुणी येत नाही. मला आजार आहे. त्याचं नाव हे आहे, त्याचं औषध हे आहे.’ सजवलेली एकही ओळ तिने ठेवली नाही. ठरवलं, शुक्रवारी सगळ्या बायांपुढे हे वाचायचं. एकदा भर खोलीत सांगितलं की सासूला गोळी अडवून धरता येणार नाही. गायत्रीला कळवलं. गायत्री नेपानगरहून आली आणि दाराजवळ बसली.

त्या शुक्रवारी पहिलीच बाई पुढे आली ती देडतलाई गावची सरुबाई. सोबत तिची मुलगी होती, भूमिका. पंधरा-सोळा वर्षांची, वाळून गेलेली. दोन्ही गालांवर लाल चट्टे. बोटांचे सांधे सुजून चमकत होते.

सरुबाई बसली, नारळ पुढे सरकवला. “माय, पोरीचं पाहा. सकाळी हिच्या मुठी मिटत नाहीत. उन्हात गेली की तोंड असं भाजल्यासारखं होते. ताप येते, जाते. डॉक्टर म्हनते काही नाही, शाळा चुकवायचे धंदे. हिचा बाप म्हनते, कापूस वेचायला लाव, सुधरंल.”

चारुलताने मुलीकडे पाहिलं. भूमिका कुणाकडेच पाहत नव्हती. आपल्याबद्दल दुसरे बोलत असताना जमिनीकडे पाहत राहायचं, ती सवय चारुलताला ओळखीची होती.

कागद तिच्या मांडीवर होता. हनुवटीखाली हात देऊन तिने मान सावरली होती. आवाज अजून पुरता गेला नव्हता. वाचायचं ते राहू देऊन ती आधी सरुबाईशीच बोलली.

“मावशी, ऐका. मी देवी नाही. मी आजारी बाई आहे. मलाही डॉक्टर काही नाही म्हणायचे. इंदूरला गेले तेव्हा निघालं. हिलाही तिकडे न्या. मी डॉक्टर बाईंचं नाव देते.”

 सुमनबाईंचा चेहरा पांढरा पडला. सरुबाई गोंधळली. मग तिने नारळ परत पदरात घेतला.

“आजारी बाई?” ती म्हणाली. “मंग मी घरी जाऊन काय सांगू? हिचा बाप मला इथं बी येऊ देत नव्हता. आईनं बोलावलं म्हनून सांगितलं, तवा आली. एका आजारी बाईनं सांगितलं म्हनून कोन नेईल इंदूरला?” ती उठायला लागली. “चल वं पोरी.”

भूमिका उठली नाही. तिने पहिल्यांदा वर पाहिलं, आणि अगदी हळू, फक्त चारुलताला ऐकू जाईल असं बोलली.

“खरंच दुखते, ताई.”

चारुलताने दाराकडे पाहिलं. गायत्री तिथे होती. कागद वाचायचा तर आत्ताच वाचायला हवा होता. अजून थोड्या वेळाने जीभ जड झाली असती. तिने कागदाची घडी केली आणि मांडीखाली सारली. मग हनुवटीखालचा हात काढून घेतला.

मान कलंडली. ती कलंडवावी लागली नाही, धरून ठेवणं तेवढं तिने सोडलं. पापण्या पडू दिल्या. नाकातून आवाज आला, आणि आज पहिल्यांदा तिने तो येऊ दिला.

“सरू.”

सरुबाई जागच्या जागी बसली.

“पोरगी माझी आहे. सोमवारच्या आत इंदूरला ने. बाप आडवा आला तर त्याला सांग, मी विचारीन.”

“नेते माय. नेते, नेते.” सरुबाईने जमिनीवर डोकं टेकलं. सुमनबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. कुणीतरी आईचा जयजयकार केला, सगळ्या खोलीने तो उचलला. भूमिका तेवढी गप्प होती. तिने वाकून चारुलताच्या पायांना हात लावला, आणि तो हात तिथेच थोडा वेळ राहिला.

गायत्रीने जाताना डॉक्टर बाईंचं नाव एका चिठ्ठीवर लिहून सरुबाईच्या हातात दिलं. सरुबाईने चिठ्ठी कपाळाला लावली.

बाया गेल्यावर गौरव गोळी घेऊन आला. आज त्याने स्वतःच आणली होती. तो तिच्याजवळ बसला. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच महिन्यांनी सुटल्यासारखं काहीतरी होतं.

“पाहिलं ना?” तो म्हणाला. “आज तर तूच बोलली. कुणी जबरदस्ती केली का? आता परत मला आजार-आजार करू नको.”

चारुलताला सांगायचं होतं की बोलले ते मी, पण मान खरंच पडली होती. ती अजूनही उचलता येत नाहीये, बघ. तिने तोंड उघडलं. जीभ टाळूला लागेना. गौरवने तिच्या हनुवटीला आधार दिला, गोळी तोंडात ठेवली आणि भक्तीने हात जोडले. चेष्टेत की खरंच, ते तिला कळलं नाही.

आतल्या खोलीत सुमनबाई वैजयंतीला फोनवर सांगत होत्या, “मंगळवारी ये, आन् तुझ्या माहेरच्यांना बी आन. आता आई सोता बोलून राहिली.”